इंजेक्शनची बाईक झटके खाते? ट्यूनिंग निवडण्याआधी काय करायचं आणि मग काय निवडायचं

कात्रजचा जुना घाट, पुढे एसटी, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचवीसच्या वेगाने. एसटी जरा पुढे सरकते, तुम्ही थ्रॉटल नखभर उघडता आणि गाडी ‘खट’ करून पुढे उडी मारते. सोडलात की ‘खट’ करून मागे ओढते. मागे बसलेल्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. पाच किलोमीटर असं झालं की मनगट दुखायला लागतं, आणि घरी पोचेपर्यंत ‘गाडीला काहीतरी बसवून घेऊ’ हा विचार पक्का झालेला असतो.

बसवून घ्यायला हरकत नाही. पण बाजारात जे मिळतं त्यातलं बरंचसं पूर्ण थ्रॉटलला ताकद वाढवण्यासाठी विकलं जातं, आणि आपला त्रास असतो थ्रॉटलच्या पहिल्या पाच ते पंधरा टक्क्यांत. या लेखातली ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी तुमचे बरेच पैसे वाचतील. मी हे प्रामुख्याने साडेतीनशे ते साडेचारशे सीसीच्या एक सिलिंडर गाड्यांबद्दल लिहितोय: हिमालयन, ड्यूक ३९० आणि त्यांच्यासारख्या. माझी स्वतःची गाडी बीएस-६ हिमालयन ४११ आहे.

आधी दोन मिनिटं: आत काय चाललेलं असतं

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेच्या ओढीने यायचं. इंजेक्शनमध्ये ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, ठरवतो की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. त्यासाठी तो थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती आरपीएमवर आहे, मॅनिफोल्डमधला (हवा इंजिनात नेणाऱ्या नळीतला) दाब, हवेचं तापमान आणि इंजिनचं तापमान बघतो. या सगळ्याचा तक्ता आधीच भरून ठेवलेला असतो. त्यालाच मॅप म्हणतात.

सायलेन्सरच्या पाइपमधला ओटू सेन्सर जळलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय की नाही ते सांगतो. साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान खाली-वर होत राहतो, आणि ०.४५ च्या आसपास मिश्रण बरोबर आहे असं धरलं जातं. गाडी एका वेगात चाललेली असताना ईसीयू या सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. थ्रॉटल जोरात पिळलात की तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून फक्त तक्त्यावर चालतो. ते ओपन लूप.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती साधारण १३.५ च लागते, कारण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. म्हणून ट्यूनिंगवाला ‘एअर-फ्युएल १३’ असं म्हणाला तर त्याला लॅम्डा किती ते विचारा. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, १ च्या वर लीन (पेट्रोल कमी), खाली रिच (पेट्रोल जास्त). पेट्रोल कुठलंही असो, हा आकडा फसवत नाही. प्रदूषणाच्या नियमांमुळे कंपन्या छोट्या थ्रॉटलला गाडी लॅम्डा १ जवळच ठेवतात, आणि एक सिलिंडरचं मोठं इंजिन कमी आरपीएमला तिथे फारसं खुश नसतं.

झटक्याचं दुसरं कारण लोकांना कमी माहीत असतं. चालत्या गाडीत थ्रॉटल पूर्ण सोडला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. पुन्हा उघडलात की पेट्रोल सुरू होतं, पण तोवर इनटेकची भिंत कोरडी पडलेली असते. कोऱ्या माठात ओतलेलं पहिलं पाणी माठच पितो, तसं पहिलं थोडं पेट्रोल ती भिंत पिते. इंजिन क्षणभर उपाशी राहतं आणि मग एकदम पकडतं. घाटातला तो ‘खट’ बहुतेक वेळा हाच असतो. नुसतं पेट्रोल वाढवून तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

पायरी १: झटका कुठे बसतो ते लिहून काढा

पांढऱ्या इन्सुलेशन टेपचा एक पट्टा ग्रिपच्या आतल्या कडेवर लावा आणि त्यावर पेनाने एक रेघ मारा. शेजारच्या स्विचच्या डब्यावर दुसरा पट्टा लावून त्यावर चार खुणा करा: बंद, एक अष्टमांश, पाव, अर्धा. कार्ब्युरेटरच्या काळात जेट लावणारे मिस्त्री असंच करायचे, आणि ही युक्ती आजही तितकीच चालते. वीस मिनिटं चालवून गाडी नीट गरम करा आणि मग रिकाम्या रस्त्यावर फिरवा. दर वेळी झटका बसला की कडेला थांबून मोबाइलमध्ये गिअर, आरपीएम आणि रेघ कुठल्या खुणेवर होती ते लिहा. चालवताना खुणांकडे बघत बसू नका. पाठीमागे मित्राला बसवलंत तर तो सांगेल.

पंधरा-वीस नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. माझ्या वहीत बावीस नोंदी होत्या, त्यातल्या सतरा एक अष्टमांशाच्या खालच्या, २,५०० ते ३,५०० आरपीएममधल्या. अर्ध्याच्या वर एकही नव्हती.

त्रास ढोबळमानाने चार जातींचा असतो. बंद थ्रॉटल उघडताना बसणारा धक्का ही पहिली जात. एकाच वेगात धरून चालताना गाडी आपणहून ओढते-सोडते, म्हणजे सर्ज करते, ती दुसरी. जोरात पिळल्यावर आधी गप्प बसते आणि मग पळते, ती तिसरी. आणि फक्त थंड असताना किंवा फक्त ट्रॅफिकमध्ये तापल्यावर त्रास देते, ती चौथी. तुमची कुठली, ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पायरी २: चेन, केबल, हवा, वीज

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्ध्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात असं मी बघत आलोय.

चेन. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये किती ढिलाई ठेवायची ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. चाक हळूहळू फिरवून चेन जिथे सगळ्यात घट्ट येते तिथे माप घ्या. एका जागी २५ आणि दुसऱ्या जागी ४५ भरत असेल तर ती चेन संपली आहे, कितीही सेट करा. ढिल्या चेनमध्ये थ्रॉटल उघडला की आधी ढिलाई भरून निघते आणि मग सगळी ताकद एकदम चाकावर येते. हातांना तो झटका हुबेहूब इंजेक्शनच्या झटक्यासारखाच लागतो.

मागच्या चाकाचे कुश रबर, म्हणजे चेनचा धक्का शोषणारे रबर. गाडी स्टँडवर लावून चाक घट्ट धरा आणि मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) हाताने पुढे-मागे हलवा. लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा आवाज येऊन स्प्रॉकेट हलत असेल तर रबर गेले.

थ्रॉटल केबल. ग्रिप फिरवल्यावर दोन ते चार मिलिमीटर मोकळी फिरावी आणि मग केबल ओढली जावी. आठ-दहा मिलिमीटर मोकळी असेल तर तुम्ही नेमका थ्रॉटल उघडूच शकत नाही. नेहमी जास्तच उघडला जातो.

थ्रॉटल बॉडी. धूळ आणि तेलाच्या वाफेने फुलपाखरू-झडपेच्या कडेला काळा थर बसतो. थर अगदी पातळ असतो, पण पहिल्या पाच टक्क्यांत हवा त्याच फटीतून येते, म्हणून फरक मोठा पडतो. थ्रॉटल बॉडी क्लिनरने मऊ फडकं ओलं करून पुसा. झडपेचा स्क्रू कंपनीने बसवलेला असतो, त्याला हात लावू नका. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग यांबद्दल वेगळं सांगायला नको. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपांची फट, मात्र मॅन्युअलमधल्या मापाने, इंजिन थंड असताना तपासून घ्या. टॅपेट टाइट असले की आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन चालू राहणं) डळमळतं.

इनटेकचा रबर. त्याला बारीक चीर असेल तर न मोजलेली हवा आत जाते. गाडी आयडलवर ठेवून रबराभोवती स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा फवारा मारा. आरपीएम बदलला तर चीर आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लिनर मारतात. गरम सायलेन्सरशेजारी असं करून गाडी पेटवून घेऊ नका.

बॅटरी. इंजेक्टर ही विजेवर उघडणारी झडप आहे, व्होल्टेज पडलं की ती उशिरा उघडते. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास आणि आरपीएम वाढवल्यावर १४ च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत.

शेवटी स्कॅनर. बीएस-६ गाड्यांत सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे तपासणीचा कपलर असतो, बऱ्याच गाड्यांत सहा पिनांचा लाल रंगाचा. त्याला जोडायची केबल आणि ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घेतला तर मोबाइलवर फॉल्ट कोड, तापमान आणि बऱ्याच गाड्यांत फ्युएल ट्रिम दिसते. ट्रिम म्हणजे ईसीयू तक्त्याच्या तुलनेत किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. ती सतत १५-२० टक्के अधिक दाखवत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा पंपाचं प्रेशर कमी पडतंय. आधी ते शोधा.

माझ्या हिमालयनमध्ये चेन एका जागी घट्ट होती आणि केबल बरीच मोकळी होती. चेनसेट बदलून केबल सेट केल्यावर बावीसपैकी नऊ नोंदी गेल्या. अजून ट्यूनिंगचा एक रुपयाही खर्च झालेला नव्हता.

पायरी ३: गिअरिंग आणि मोड

चारशे सीसीचं एक सिलिंडर इंजिन चौथ्या गिअरमध्ये २,५०० वर ओढायला लावलं तर ते ठोके देणारच. जगातला कुठलाही मॅप ते थांबवू शकत नाही. हिमालयन ४११ आणि पहिल्या पिढीच्या ड्यूक ३९० ला पुढचा स्प्रॉकेट १५ दातांचा आहे. १४ चा बसवला तर त्याच वेगाला आरपीएम सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, ३,५०० चे ३,७५० होतात. शहरात आणि घाटात फरक लगेच कळतो. हायवेला इंजिन थोडं जास्त फिरतं, तेवढी किंमत मोजावी लागते. वेगाचा सेन्सर चाकावर असेल तर स्पीडोमीटरमध्ये फरक पडत नाही, गिअरबॉक्सवर असेल तर पडतो.

थ्रॉटल केबलऐवजी विजेच्या वायरने चालतो अशी, रायडिंग मोड असलेली गाडी असेल, म्हणजे तिसऱ्या पिढीची ड्यूक ३९० किंवा हिमालयन ४५०, तर आधी सौम्य मोड लावून आठवडाभर चालवा. फुकट आहे. सर्व्हिस सेंटरला ‘माझ्या गाडीसाठी ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर आलंय का?’ हेही विचारा. कंपन्या अशी दुरुस्ती गाजावाजा न करता देत असतात, आणि ती वॉरंटीत बसते.

पायरी ४: आता उपाय निवडा

एवढं करूनही त्रास उरला तर पर्याय असे आहेत.

सगळ्यात साधा म्हणजे हवेच्या तापमानाचा सेन्सर फसवणारा प्लग. डेन्मार्कचा बूस्टरप्लग या प्रकारातला सर्वांत ओळखीचा. तो ईसीयूला सांगतो की हवा आहे त्यापेक्षा वीस अंश थंड आहे. थंड हवा दाट असते, म्हणून ईसीयू साधारण सहा टक्के जास्त पेट्रोल देतो. एका वेगात चालताना ओटू सेन्सर ही वाढ परत काढून घेतो, पण थ्रॉटल उघडण्याच्या क्षणी ती कामी येते. पहिल्या आणि तिसऱ्या जातीच्या त्रासाला हा चांगला उपाय आहे. पाच मिनिटांत बसतो, पाच मिनिटांत निघतो.

मात्र याच नावाखाली सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर सोल्डर करून देणारे लोक आहेत. ते करू नका. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, आणि कमी रोधात तोच रेझिस्टर घातला की फसवणूक वाढते. म्हणजे मे महिन्यात, ट्रॅफिकमध्ये, जेव्हा जास्त पेट्रोल अजिबात नको, तेव्हाच गाडी सगळ्यात रिच होते.

दुसरा पर्याय पिगीबॅक. हा डबा ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो आणि इंजेक्टरची वेळ लांबवतो किंवा कमी करतो. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर, इटलीचा रॅपिड बाईक, आणि आपल्याकडे रेस डायनॅमिक्सचे फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक हे याच घरातले. फ्युएलएक्स ओटू सेन्सरच्या वायरीतही जोडला जातो, त्यामुळे क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू त्याच्या विरुद्ध काम करत बसत नाही. दुसऱ्या जातीच्या त्रासाला, म्हणजे सर्जिंगला, हे फार महत्त्वाचं आहे. कुठलाही पिगीबॅक घेताना ‘ओटू सेन्सरचं काय करता?’ हा प्रश्न आधी विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरीकडे जा. मूळ कपलरमध्ये बसणारा, वायर न कापणारा संचच घ्या. आपल्या पावसात कापून जोडलेल्या वायरी दुसऱ्या वर्षी हिरव्या पडतात.

तिसरा पर्याय ईसीयू फ्लॅश, म्हणजे ईसीयूतला मूळ मॅपच बदलणं. थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल कधी तोडायचं आणि कधी परत सुरू करायचं, वायरच्या थ्रॉटलमध्ये ग्रिप किती फिरवल्यावर झडप किती उघडायची, हे सगळं मुख्यतः इथेच बदलता येतं. पहिल्या जातीचा हट्टी झटका खऱ्या अर्थाने इथेच जातो. पण करणारा माणूस जाणकार हवा. मूळ फाइल वाचून तिची प्रत तुम्हाला द्यायला तो तयार नसेल तर चावी त्याच्या हातात देऊ नका.

संपूर्ण वेगळा ईसीयू बसवणं हे ट्रॅकवरचं काम आहे, रोजच्या गाडीला त्याची गरज नाही. चौथ्या जातीच्या त्रासाला यातलं काहीच लागत नाही. तिथे तापमानाचा सेन्सर, आयडल कंट्रोल किंवा पेट्रोल पंप तपासायचा असतो.

मला स्वतःला नवख्या माणसाने या क्रमाने जावं असं मनापासून वाटतं: आधी सेन्सरचा प्लग, मग गरज पडली तर पिगीबॅक, आणि फ्लॅश सगळ्यात शेवटी.

पायरी ५: ट्यूनिंग करून घेताना

इथे मी एकदा पोळलोय. एका दुकानात माझ्या गाडीवर तयार मॅप टाकून दिला आणि पूर्ण थ्रॉटलचा ताकदीचा सुंदर आलेख हातात ठेवला. दीड घोडा वाढला होता. झटका होता तिथेच होता, आणि ॲव्हरेज तीसवरून चोवीसवर आलं. स्पार्क प्लग उघडून बघितला तर काजळीने काळाकुट्ट, बोट लावलं तर बोटाला काजळ.

म्हणून डायनोवाल्याला (डायनो म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) तुमची वही दाखवा. त्याला सांगा की मला ५, १० आणि १५ टक्के थ्रॉटलला, २,००० ते ४,५०० आरपीएममध्ये मोजमाप हवंय, आधीचं आणि नंतरचं. हे काम पूर्ण थ्रॉटलच्या एका ओढीपेक्षा कितीतरी जास्त वेळ खातं, आणि त्याचे पैसे वेगळे लागले तर आनंदाने द्या. मोजायला वाइडबँड सेन्सर हवा. साधा सेन्सर मिश्रण रिच आहे की लीन एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही.

हिशोब सोपा आहे. मोजलेल्या लॅम्डाला हव्या असलेल्या लॅम्डाने भागा. १.०४ मिळालं आणि ०.९७ हवं असेल तर १.०७, म्हणजे सात टक्के पेट्रोल वाढवायचं. एकदम सात घालू नका. आधी चार घाला, पुन्हा मोजा. छोट्या थ्रॉटलला ०.९५ ते ०.९८ च्या दरम्यान गाडी साधारण मऊ होते, त्याखाली नेलं तर फक्त पेट्रोल जळतं.

आणि तक्त्यातल्या शेजारच्या घरांकडे बघा. एका घरात बारा टक्के अधिक आणि शेजारच्यात शून्य असेल तर गाडी एका घरातून दुसऱ्यात जाताना नवा झटका तयार होतो. बारा, आठ, पाच, दोन असा उतार पाहिजे. स्क्रीनवर हा तक्ता टेकडीसारखा दिसतो. कुठे कडा दिसला तर बोट ठेवून विचारा.

कायदा आणि वॉरंटी

गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल, तर सायलेन्सरमधला कॅट-कॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नका. गाडी रस्त्यावर चालवायची तर प्रदूषणाच्या मर्यादेत राहणं बंधनकारक आहे, आणि सतत रिच चालणारी गाडी कॅट-कॉनही जाळते. ट्यूनिंगनंतर लगेच पीयूसी करून घ्या, अडचण असेल तर तिथेच कळेल. वॉरंटी चालू असेल तर इंजिन किंवा ईसीयूच्या तक्रारीत कंपनी हात वर करू शकते. वॉरंटीचं वर्ष-सहा महिने उरले असतील तर तोवर चेन, केबल आणि स्प्रॉकेटवर भागवा.

पायरी ६: पाचशे किलोमीटरनंतर

टेपचे पट्टे अजून काढलेले नसतील, तर त्याच रस्त्यावर, तेवढीच गाडी गरम करून, पुन्हा नोंदी घ्या. पंप एकच ठेवा आणि टाकी फुल ते टाकी फुल ॲव्हरेज काढा. दोन-तीन किलोमीटर कमी झालं तर ते मऊपणाचं मोल, पाच-सहा कमी झालं तर मॅप जास्त रिच आहे, परत जा. स्पार्क प्लग फिक्या विटकरी रंगाचा असावा.

दुसरी तपासणी चढावर करा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. दाबाचा सेन्सर उंचीचा फरक भरून काढतो, पण काही पिगीबॅकचे तक्ते नुसत्या थ्रॉटल आणि आरपीएमवर चालतात, आणि पाचगणीच्या वर गेल्यावर त्यांची वाढ अंगावर येते. पसरणीचा घाट चढून वर दहा मिनिटं आयडल ठेवा. आयडलिंग जड वाटलं, धुराला पेट्रोलचा वास आला, तर आयडलच्या घरातली वाढ दोन टक्क्यांनी कमी करा.

माझ्या वहीत शेवटी तीन नोंदी उरल्या, तिन्ही दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण सोडून पुन्हा उघडताना. त्या मी तशाच ठेवल्या आहेत. घाटात आता थ्रॉटल पूर्ण सोडत नाही, केसभर उघडा ठेवून मागचा ब्रेक हलका दाबतो, म्हणजे चेन ताणलेली राहते आणि इंजेक्टर बंद पडत नाही. मागे बसणाऱ्याचं हेल्मेट आपटायचं थांबलंय.